प्रवासी कोणाला म्हणावे? मुंबई–जेद्दा अंतराचा धर्मविचार

मुंबई आणि जेद्दा या दोन शहरांमधील अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे आणि थेट विमानाला ते कापण्यास साधारणपणे पाच ते साडेपाच तास लागतात, ही माहिती जितक्या निःशंकपणे दिली जाते तितकी ती निःशंक नाही. पहिला आकडा बृहद्वृत्ताच्या कंसाचा, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत लहान वक्ररेषेचा आहे, आणि विमाने नेमकी त्या रेषेवरून जात नाहीत, कारण ठरलेले हवाई मार्ग आणि देशोदेशींच्या हवाई हद्दी त्यांना थोडेफार वळवतात. दुसरा आकडा वाऱ्यावर अवलंबून आहे. या अक्षांशांवर, विशेषतः हिवाळ्यात, उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहतात, त्यामुळे परतीचे विमान जातानाच्या विमानापेक्षा लवकर पोहोचते आणि एकच अंतर दोन दिशांना दोन वेगवेगळ्या कालावधींचे ठरते. त्यात घड्याळाची भर पडते. अरबस्तानातील वेळ भारतापेक्षा अडीच तासांनी मागे असल्यामुळे सकाळी दहाला मुंबई सोडलेला माणूस पाच तास आकाशात काढून तेथील साडेबारा वाजता उतरतो, आणि दोन्ही शहरांतील भिंतीवरच्या घड्याळांपुरते पाहिले तर त्याचा प्रवास अडीच तासांचाच भरतो.

व्यवहारात या तफावतीने कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु जेद्दा हे मक्केचे प्रवेशद्वार आहे, मक्का तेथून पूर्वेला सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे, आणि मुंबईहून तेथे जाणाऱ्यांपैकी पुष्कळ लोक हज किंवा उमरा या यात्रांसाठी जातात. त्यांच्या दृष्टीने माणूस प्रवासी केव्हा होतो आणि केव्हा राहत नाही, हा उपासनेचा प्रश्न आहे. प्रवाशाची नमाज वेगळी, त्याच्या उपवासाचे नियम वेगळे आणि यात्रेच्या सीमेवर त्याने पाळावयाची बंधनेही वेगळी असतात. अंतर, वेळ आणि श्रम या तीन गोष्टी शतकानुशतके एकमेकींना बांधलेल्या होत्या तोवर यांपैकी नेमकी कोणती गोष्ट माणसाला प्रवासी बनवते, हे ठरवण्याची निकड नव्हती. यात्रेकरूंना नेणाऱ्या मोगल लाइन या जहाज कंपनीच्या बोटी मुंबईहून निघून एडनवरून तांबड्या समुद्रात शिरत. तो सागरी मार्ग चार हजार किलोमीटरहून अधिक होता, आगबोटीच्या काळातही त्यास आठवड्याच्या आसपास अवधी लागे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कामरान बेटावर रोगप्रतिबंधासाठी यात्रेकरूंना अडकवून ठेवले जात असे, तो काळ वेगळाच. मुंबईहून हजसाठी बोटीने जाणे १९९५ मध्ये थांबले. विमानाने अंतर होते तसे ठेवले, वेळ पाच तासांवर आणली आणि श्रम जवळजवळ नाहीसे केले. म्हणजे जुळून असलेल्या तीन गोष्टी सुट्या झाल्या, आणि धर्मशास्त्राला त्यांतील एक निवडणे भाग पडले.

इस्लामी विधिशास्त्रात, म्हणजे फिकहमध्ये, प्रवाशाला मिळणाऱ्या सवलतींपैकी मुख्य सवलत कस्र नावाची आहे. कस्र म्हणजे आखूड करणे. दुपारची, तिसऱ्या प्रहरची आणि रात्रीची या चार रकातींच्या तीन नमाजा प्रवाशाने दोन रकातींच्या कराव्यात, असा तो नियम असून पहाटेची दोन रकातींची आणि सूर्यास्तानंतरची तीन रकातींची नमाज आहे तशीच राहते. रकात हे उभे राहणे, वाकणे आणि माथा टेकणे यांनी पूर्ण होणारे नमाजेचे एक आवर्तन होय. ही सवलत किती लांबच्या प्रवासाला, याविषयी विधिशाखांमध्ये मतभेद आहेत. भारतातील बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी शाखेचे आहेत, तिने मूळ माप तीन दिवसांच्या मध्यम चालीच्या प्रवासाचे, म्हणजे उंटाच्या किंवा पायी चालणाऱ्याच्या चालीचे सांगितले, आणि भारतीय मुफ्तींनी, म्हणजे धर्मनिर्णय देणाऱ्या पंडितांनी, पुढे ते ४८ मैलांवर, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरवर स्थिर केले. इतर तीन सुन्नी शाखांचे माप सोळा फरसखांचे (फरसख हे लांबीचे जुने परिमाण) आहे व त्याचे आजचे रूपांतर साधारणपणे ऐंशी ते नव्वद किलोमीटरच्या दरम्यान केले जाते. येथे लक्षात घेण्यासारखे असे की हनफी माप जन्माने कालाचे आहे आणि वाढत वाढत ते अंतराचे झाले: तीन दिवसांची चाल प्रथम मैलांत गोठली, आणि मैल एकदा गोठल्यावर ती चाल कोणत्या पायांची, हे विचारण्याचे कारण उरले नाही.

मात्र विधिशास्त्रज्ञांनी हा प्रश्न टाळला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी त्यासाठी एक भेद वापरला आहे, आणि तो या साऱ्या चर्चेच्या मुळाशी आहे. एखाद्या नियमाची इल्लत म्हणजे ज्या गोष्टीच्या असण्यानसण्यावर तो नियम लागू होणे टांगलेले असते ते कारण, आणि हिकमत म्हणजे तो नियम ज्या हेतूसाठी घातला गेला तो हेतू. कस्रच्या बाबतीत हिकमत ही प्रवासातील कष्ट हलके करण्याची आहे. पण कष्ट मोजता येत नाहीत, माणसामाणसांत ते बदलतात, म्हणून नियम कष्टांवर न टांगता प्रवासावर टांगला गेला. त्यामुळे पालखीतून ऐषारामात जाणाऱ्या राजाला सवलत मिळते आणि स्वतःच्याच गावात दिवसभर ओझी वाहणाऱ्या हमालाला ती मिळत नाही. वरवर पाहता हा निर्णय हमालावर अन्याय करणारा वाटतो, आणि काही अंशी तो आहेही. परंतु कष्ट हेच कारण मानले असते तर प्रत्येकाने आपापल्या थकव्याचा न्यायाधीश व्हावे असे झाले असते, आणि उपासनेच्या बाबतीत माणूस स्वतःचा थकवा किती उदारपणे मोजतो हे शास्त्रकारांना ठाऊक होते. याच तर्काने वेगवान घोड्यावरून तीन दिवसांची वाट दोन दिवसांत संपवणाराही प्रवासीच राहतो, आणि आधुनिक मुफ्ती जेव्हा विमानाच्या प्रवाशाने कस्र करावी असे सांगतात तेव्हा त्यांनी घोड्याच्या जागी विमान ठेवलेले असते, एवढेच.

याला अपवाद ठरणारी एक शंका मात्र विमानाच्या जन्माच्या कितीतरी आधी विचारली गेलेली आहे. पंधराव्या शतकात कैरोमध्ये होऊन गेलेले हनफी पंडित इब्न अल-हुमाम यांनी 'हिदाया' या ग्रंथावरील 'फत्हुल कदीर' या आपल्या टीकेत अशा सिद्धपुरुषाचे उदाहरण घेतले आहे, की ज्याला ईश्वरी कृपेने जमिनीची घडी घालण्याची शक्ती लाभली आहे आणि जो तीन दिवसांची वाट क्षणार्धात ओलांडतो. त्याने तीन दिवसांचे अंतर कापले हे शब्दशः खरे असल्यामुळे नियमाच्या अक्षरानुसार त्याने कस्र करावयास हवी. परंतु इब्न अल-हुमाम यांना हे पटत नाही, कारण त्याच्या बाबतीत कष्टांची शक्यतासुद्धा उरलेली नाही आणि त्या शक्यतेवरच तर सवलत उभी आहे. कष्ट प्रत्यक्ष झाले पाहिजेत असे ते म्हणत नाहीत. कष्ट होण्यास जागा तरी असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. राजाच्या पालखीला वाटेत नदी लागू शकते, घोडा ठेचाळू शकतो, पण ज्याची वाटच नाहीशी झाली त्याला ठेच कशाची लागणार? ही शंका त्यांच्या काळात निव्वळ बुद्धीचा व्यायाम होती, कारण असा सिद्धपुरुष कोणाच्या शेजारी राहत नव्हता. आज साडेतीन हजार किलोमीटर पाच तासांत ओलांडणारी माणसे मुंबईत रोज रांगेत उभी असतात.

ती रांगच थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. मुंबईचा विमानतळ शहराच्या वस्तीत आहे, आणि हनफी नियमानुसार माणूस आपल्या गावाची वस्ती ओलांडल्यावरच प्रवासी होतो, घरातून निघाल्याबरोबर नव्हे. त्यामुळे कुर्ल्याचा रहिवासी विमानतळावरील नमाजघरात दुपारची नमाज करतो तेव्हा तिकीट, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास हातात असूनही तो शास्त्रतः घरीच असतो आणि त्याने चार रकाती पूर्ण करावयाच्या असतात. त्याच्या शेजारी उभा असलेला भिवंडीचा माणूस जेमतेम तासा-दीड तासाच्या वाटेवरून आलेला असतो. भिवंडी ते विमानतळ हे अंतर ७७ किलोमीटरच्या निम्मेही भरणार नाही, पण तो जेद्दाला जाण्याच्या संकल्पाने निघालेला असल्यामुळे भिवंडीची वेस ओलांडताच प्रवासी झालेला आहे आणि त्याने दोनच रकाती करावयाच्या आहेत. भिवंडीकर पुढे उभा राहून नमाज पढवू लागला तर तो दोन रकातींवर सलाम फेरतो आणि मागच्या कुर्लेकरांना आपापल्या उरलेल्या दोन पूर्ण कराव्या लागतात. उलट कुर्लेकर पुढे असेल तर त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या भिवंडीकराला चारही कराव्या लागतात. तिसरा माणूस रत्नागिरीकडचा कोकणी मुस्लिम असेल तर तो बहुधा शाफई शाखेचा असतो. त्या शाखेत प्रवाशाला दुपारची आणि तिसऱ्या प्रहरची नमाज एकत्र जोडण्याचीही मुभा आहे, हनफींना ती अशा प्रवासात नाही. शिवाय मुक्कामाच्या गावी पंधरा दिवस राहण्याचा संकल्प केल्यावर हनफी प्रवासी प्रवासी उरत नाही, तर शाफई माणसाचे प्रवासीपण चार दिवसांच्या संकल्पानेच संपते. एकाच विमानात, एकाच ओळीत बसलेली ही तीन माणसे तीन वेगळ्या ठिकाणी प्रवासाला लागलेली असतात आणि त्यांचा प्रवास केव्हा संपला हेही एकाच नियमाने ठरत नाही.

या उदाहरणावरून असे म्हणावेसे वाटते की शास्त्रकारांनी वरकरणी अंतर मोजले असले तरी त्यांना खरोखर पकडावयाचे होते ते माणसाचे आपल्या वस्तीपासून तुटणे. वेशीवर बदलणारी नमाज, संकल्पाला दिलेले महत्त्व आणि मुक्कामाच्या दिवसांची मर्यादा हे तिन्ही नियम थकव्याने उलगडत नाहीत आणि निव्वळ किलोमीटरांनीही उलगडत नाहीत, पण घर सुटले आहे की नाही या एका प्रश्नाने ते उलगडतात. तसे असेल तर इब्न अल-हुमाम यांची शंका प्रामाणिक असूनही निर्णायक ठरत नाही, कारण ज्याच्यासाठी जमिनीची घडी घातली गेली तोही घडीच्या पलीकडे आपल्या माणसांत नसतो. चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये राहिलेल्या इब्न तैमिया यांनी मैलांचे सारेच माप नाकारून लोकरूढी ज्याला प्रवास म्हणते तो प्रवास, असे मत मांडले होते, आणि १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनचे पासधारक पाहिले की ते मत पटू लागते. पुण्याहून रोज मुंबईत नोकरीला येणारा हनफी कारकून ७७ किलोमीटरच्या नियमाने दररोज दुपारी प्रवासी ठरतो, आणि तो स्वतः मात्र आपल्याला कधीच प्रवासाला गेलेले समजत नाही.

श्रमाला किंमत नाही, हा सर्व धर्मपरंपरांचा निर्णय आहे असे अर्थातच नाही. हिंदू धर्मशास्त्रातील तीर्थविषयक ग्रंथांत वाहनाने यात्रा केल्यास अर्धे फळ जाते आणि छत्री व पादत्राणे वापरल्यास उरलेल्यातलेही अर्धे जाते, अशा आशयाचे वचन आढळते. तेथे कष्ट हेच चलन आहे आणि त्याचा हिशेब अपूर्णांकांपर्यंत केलेला आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पायी जाणाऱ्या वारकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु या हिशेबात समुद्रापलीकडच्या यात्रेला जागाच नाही, आणि म्हणूनच मुंबई–जेद्दाच्या प्रश्नाला तो फारसा उपयोगी पडत नाही.

विमानाने खरा पेच निर्माण केला तो दुसऱ्या ठिकाणी. मक्केच्या भोवती, वेगवेगळ्या दिशांना, मीकात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच सीमा परंपरेने ठरलेल्या आहेत: मदिनेकडून येणाऱ्यांसाठी झुल-हुलैफा, सीरियाकडून येणाऱ्यांसाठी जुहफा, नज्दकडून येणाऱ्यांसाठी कर्न अल-मनाझिल, येमेनकडून येणाऱ्यांसाठी यलमलम आणि इराककडून येणाऱ्यांसाठी झात इर्क. हज किंवा उमरा करू इच्छिणाऱ्याने इहराम धारण केल्याशिवाय ही सीमा ओलांडावयाची नाही. इहराम ही यात्रेकरूची दीक्षित अवस्था आहे. पुरुष त्यासाठी दोन न शिवलेली वस्त्रे नेसतात, स्त्रिया आपल्या नेहमीच्या अंग झाकणाऱ्या पोशाखात असतात, आणि सुगंध, केस-नखे कापणे, शिकार व दांपत्यसंबंध त्या अवस्थेत वर्ज्य होतात. वस्त्रे नेसणे ही तयारी झाली. अवस्था सुरू होते ती संकल्पाने आणि तल्बिया या उच्चारवाने म्हणावयाच्या मंत्रोच्चाराने. सीमा नुसतीच ओलांडली गेली तर मागे फिरून तेथे जावे लागते, नाहीतर एका जनावराच्या कुर्बानीने त्याची भरपाई करावी लागते.

भारतातून बोटीने जाणाऱ्यांची मीकात यलमलम होती, आणि बोट तिच्या समांतर रेषेजवळ आली की यात्रेकरूंना तशी सूचना दिली जाई. आंघोळ करून वस्त्रे बदलण्यास आणि मन त्या क्षणाला आणून ठेवण्यास तेथे पुरेसा अवकाश असे. मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्र ओलांडून अरबी द्वीपकल्पावरून पश्चिमेकडे जाते आणि उतरण्याच्या थोडे आधी, तायफच्या बाजूने, कर्न अल-मनाझिलच्या परिसरावरून पुढे सरकते. सीमा तेथे कित्येक किलोमीटर खाली असते, ती दिसत नाही, आणि ताशी सात-आठशे किलोमीटरच्या वेगात तिच्यावर पाऊल ठेवण्याचा क्षण असा काही नसतो. जेद्दालाच इहराम धारण करावा, विमानाने येणाऱ्यांसाठी तेथेच मीकात मानावी, असे मत काही विद्वानांनी मांडले. परंतु १९८६ मध्ये अम्मानला भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने हवेतून किंवा समुद्रातून सीमेच्या समांतर जाणाऱ्यालाही सीमेचे बंधन आहे असा निर्णय दिला. परिणामी मुंबईचे यात्रेकरू घरातून किंवा विमानतळावरूनच ती दोन वस्त्रे नेसून निघतात, काही जण विमानात बसतानाच संकल्प करून टाकतात आणि काही जण मीकात जवळ आल्याच्या घोषणेची वाट पाहतात. जे विमान थेट मदिनेला उतरते त्यातील यात्रेकरूंचा हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते पुढे बसने झुल-हुलैफावरून जातात, आणि ती मीकात मदिनेपासून जवळ व मक्केपासून चारशेहून अधिक किलोमीटरवर आहे.

घोषणेची वाट पाहणाऱ्या यात्रेकरूची स्थिती विचार करण्यासारखी आहे. पायी चालणाऱ्याला सीमा कळे ती जमिनीवरून, बोटीवरच्या माणसाला खलाशाकडून, आणि विमानातल्या माणसाला ती कळते यंत्राच्या हिशेबाने वैमानिकाकडून. प्रत्येक टप्प्यावर सीमा डोळ्यांपासून दूर जात गेली आहे, आणि तरीही नियम सैल झाला नाही. उलट ज्या गोष्टीची खूण जमिनीवर उरली नाही ती आता सर्वस्वी संकल्पावर येऊन ठेपली. म्हणूनच बहुतेक जण सावधगिरी म्हणून सीमेच्या कितीतरी आधी, अंधेरी-कुर्ल्याच्या आपल्या घरातच, इहरामची वस्त्रे नेसून बसतात आणि साडेतीन हजार किलोमीटरचे अख्खे अंतर सीमेच्या आत ओढून घेतले जाते. नियमाने ज्याला केवळ पूर्वतयारी म्हटले असते तीच येथे मुख्य गोष्ट होऊन बसते.

रमजानमधील प्रवासाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. प्रवाशाला उपवास पुढे ढकलण्याची सवलत असतेच; पण ज्याने तो चालू ठेवला त्याचा उपवास त्याच्या स्वतःच्या क्षितिजावर सूर्य मावळल्यावर सुटतो, मुंबईच्या घड्याळाने नाही. वीस अंश अक्षांशाजवळ पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने फिरतो. विमान ताशी ८५० किलोमीटरने पश्चिमेकडे पळत असेल तर सूर्यास्ताची रेषा त्याला ताशी ७२० किलोमीटर एवढ्याच वेगाने गाठते, आणि मुंबईत सूर्यास्ताला एक तास उरला असता निघालेल्या माणसाला त्या एका तासाऐवजी जवळजवळ सव्वादोन तास थांबावे लागते. शिवाय उंचीमुळे क्षितिज खाली गेलेले असते, त्यामुळे आणखी सुमारे अर्धा तास वाढतो. खाली मशिदींमध्ये बांग होऊन लोकांनी खजूर तोंडात टाकलेला असतो आणि वर खिडकीतून येणारे ऊन उपवास सोडू देत नाही.

तुटणे ही प्रवासाची खरी खूण मानली, तर ते तुटणे आता कितपत उरले आहे, हा प्रश्न अटळ होतो. आणि येथे हिंदू धर्मशास्त्रातील एक व्याख्या अनपेक्षितपणे कामास येते. आशौच, म्हणजे ज्याला बोलीत सुतक म्हणतात ते मृत्यूनंतरचे अशुद्धीचे दिवस, किती पाळावेत हे सांगताना शास्त्रकारांनी देशांतरी असलेल्या नातेवाइकासाठी वेगळे नियम केले, आणि त्यासाठी देशांतर कशाला म्हणावे हे त्यांना ठरवावे लागले. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा ही टीका या विषयावरची जुनी वचने नोंदवते, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या चौथ्या खंडात आशौचाची सविस्तर चर्चा केली आहे. एका मताने साठ योजनांपलीकडे देशांतर, दुसऱ्याने चाळीस, तिसऱ्याने तीस. योजनाची लांबी ग्रंथागणिक बदलते, पण ते बारा ते चौदा किलोमीटरचे धरले तर ही मर्यादा साधारण साडेतीनशे ते साडेआठशे किलोमीटरच्या दरम्यान कोठेतरी पडते. दुसऱ्या प्रकारची वचने योजने मोजत नाहीत: मध्ये महानदी असेल, डोंगर आडवा असेल किंवा भाषा बदलत असेल तर ते देशांतर होय. विज्ञानेश्वर जेथे लिहीत होता तेथे मराठी आणि कानडी एकमेकींत मिसळलेल्या होत्या, तेव्हा भाषेची ही कसोटी त्याला कितपत सोयीची वाटली असेल कोण जाणे. आणि या वचनांतच अशीही एक कसोटी आहे की जेथून दहा रात्रींच्या आत वार्ता ऐकू येत नाही ते देशांतर.

या शेवटच्या कसोटीने अंतराची सारी कल्पनाच बदलते. तिच्यात वाट चालणारा माणूस महत्त्वाचा नाही, वार्ता महत्त्वाची आहे; माणूस किती दूर गेला हे त्याच्या पावलांवरून न ठरता मागे राहिलेल्यांचा शब्द त्याच्यापर्यंत किती दिवसांत पोहोचतो यावरून ठरते. दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस पाळावेत, दहा दिवस उलटून गेल्यावर कळले तर तीन रात्री, वर्ष उलटल्यावर कळले तर केवळ स्नान, हा आशौचाचा उतरता क्रम याच विचारातून आलेला आहे. विमानाने कर्तव्ये हलकी केली असे सर्रास म्हटले जाते, पण या नियमात नेमके उलटे घडते: न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला पुण्यातील चुलत्याच्या निधनाची बातमी काही मिनिटांत कळते, त्याला देशांतराची सूट उरत नाही, आणि समुद्र ओलांडूनही तो पूर्ण दहा दिवसांचा धनी होतो. एका बाबतीत मात्र प्राचीनांनी अंतराला आधीच बाजूला सारले होते. आईवडील गेल्याचे कितीही दूर असलेल्या पुत्राने कितीही उशिरा ऐकले तरी ऐकल्या दिवसापासून त्याने पुरे दहा दिवस पाळावेत, असे वचन मिताक्षरेत आहे. तेथे नदी, डोंगर आणि योजने यांचा काहीही उपयोग होत नाही.

वार्तेने अंतर ठरते असे मानले तर जेद्दाला उतरून फोन चालू करताच घरच्यांशी बोलणारा यात्रेकरू प्रवासी राहतो का, असा प्रश्न तिरकसपणे विचारता येईल. फिकहने त्याचे उत्तर 'राहतो' असे दिले आहे आणि ते योग्यही आहे, कारण घर सुटणे म्हणजे शरीराने वस्तीबाहेर असणे, असे मानण्यावाचून नमाजेच्या नियमाला गत्यंतर नाही. परंतु शरीर एका ठिकाणी आणि कृती दुसऱ्या ठिकाणी, या आजच्या अवस्थेचा विचार कोणत्या परंपरेने सर्वांत नेमकेपणाने केला असेल तर तो जैन श्रावकाचाराने, म्हणजे जैन गृहस्थाच्या आचारशास्त्राने, केलेला आहे.

जैन गृहस्थाच्या बारा व्रतांत दिग्व्रत नावाचे एक व्रत आहे. त्यात गृहस्थ प्रत्येक दिशेला आपण जास्तीत जास्त किती दूर जाऊ याची मर्यादा जन्मभरासाठी ठरवून घेतो. मर्यादेपलीकडे तो जाणार नाही, म्हणजे तेथे त्याच्या हातून व्यापार, लोभ किंवा हिंसा होणार नाही. आणि म्हणून समंतभद्राने 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त म्हटल्याप्रमाणे त्या सीमेबाहेरच्या प्रदेशापुरती त्याची अणुव्रते, म्हणजे गृहस्थाची मर्यादित व्रते, महाव्रतांच्या, म्हणजे साधूच्या संपूर्ण व्रतांच्या, योग्यतेला पोहोचतात. येथे अंतर म्हणजे वाट नव्हे आणि वेळही नव्हे. माणसाच्या करणीची पोहोच म्हणजे अंतर. उमास्वातीच्या 'तत्त्वार्थसूत्रा'ने या व्रताचे दोष सांगताना वरच्या दिशेचे, खालच्या दिशेचे आणि आडव्या दिशांचे उल्लंघन स्वतंत्रपणे नोंदवले आहे. वर म्हणजे त्या काळी डोंगराचे शिखर. दहा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानात बसलेल्या श्रावकाने आपली ऊर्ध्व मर्यादा किती ठेवली होती, हा प्रश्न त्या सूत्राच्या शब्दांतूनच उभा राहतो. साधूंना तर वाहनच वर्ज्य आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आलेले आचार्य आत्मारामजी त्यामुळेच जाऊ शकले नाहीत आणि त्यांनी वीरचंद गांधींना पाठवले. १९७० मध्ये मुनी चित्रभानू मुंबईहून विमानाने जिनिव्हाला गेले तेव्हा समाजातून तीव्र विरोध झाला. आणि आचार्य तुलसींनी १९८० मध्ये तेरापंथ या श्वेतांबर जैन पंथात वाहनाने प्रवास करू शकणारी समण श्रेणी निर्माण करून साधू व गृहस्थ यांच्यामध्ये एक वेगळी पायरी घातली.

पण खरी सूक्ष्मता आहे ती देशावकाशिक या व्रतात, ज्याला देशव्रत असेही म्हणतात. यात गृहस्थ दिग्व्रताची विस्तृत मर्यादा काही काळापुरती, एखाद्या दिवसापुरती म्हणा, आणखी आवळून गाव, गल्ली किंवा स्वतःचे घर एवढ्यापुरती करतो. त्याच्या दोषांची तत्त्वार्थसूत्रातील यादी पायांविषयी नाहीच. सीमेबाहेरून वस्तू मागवणे, सीमेबाहेर माणसाला कामासाठी पाठवणे, खाकरून किंवा आवाज देऊन सीमेपलीकडच्या माणसाचे लक्ष वेधणे, त्याला दिसेल असे आपले रूप दाखवणे, आणि खडा किंवा ढेकूळ फेकून त्याला खूण करणे, असे ते पाच दोष आहेत. सूत्रकाराच्या मनात अंगणातल्या भिंतीपलीकडे उभा असलेला नोकर किंवा गिऱ्हाईक असणार, पण व्यवहारात या पाचांना आज कुरियर, प्रतिनिधी, फोन, व्हिडिओ कॉल आणि मेसेज अशी नावे आहेत. मुंबईतील हिऱ्यांच्या व्यापारातल्या ज्या जैन कुटुंबांची एक शाखा अँटवर्पमध्ये असते, त्यांतील एखाद्याने दिग्व्रत घेताना पश्चिमेची मर्यादा युरोपपर्यंत मोकळी ठेवली असेल तर तो विमानाने हजारो किलोमीटर जाऊनही त्या दिशेला व्रताच्या आतच राहतो. त्याच दिवशी देशावकाशिक घेऊन वाळकेश्वरच्या घरात बसून राहिलेला त्याचा भाऊ उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, पण अँटवर्पहून आलेला फोन उचलून भाव सांगतो, आणि त्याचे व्रत दूषित होते.